जुनी फॉर्च्युनर ३.०: ऑइलचं झाकण उघडल्याशिवाय सौद्याला बसू नका

"टोयोटा आहे हो, हिला काही होत नाही." जुन्या फॉर्च्युनरच्या व्यवहारात हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. ते अर्धं खरं आहे. हिला पटकन काही होत नाही, पण झालं तरी ही लवकर बोलत नाही. कुरकुर करणाऱ्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं जातं, गप्प बसणारीचं पंधरा हजार किलोमीटरवर जातं. आज बाजारात मिळणाऱ्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरकडे याच नजरेने पाहायला हवं. गाडी मजबूत आहे. प्रश्न एवढाच, की ती मजबूत आहे म्हणून आधीच्या मालकाने काय काय करायचं सोडलं?

ही गाडी म्हणजे ऑगस्ट २००९ मध्ये भारतात आलेली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या पिढीला जागा करून देणारी ३.० डी-फोर-डी, म्हणजे तीन लिटर डिझेल इंजिनाची. चार सिलिंडर, २९८२ सीसी, १७१ पीएस, ३४३ न्यूटन-मीटर. सुरुवातीच्या गाड्या मॅन्युअल आणि फुलटाइम फोर-व्हील-ड्राइव्ह. टू-व्हील-ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिक पुढे आल्या. महाराष्ट्रात एक मोठा गठ्ठा दिल्लीहून येतो, कारण २०१५ च्या एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद) आदेशानंतर तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर टांगती तलवार आली आणि तिथल्या मालकांनी त्या बाहेर काढायला सुरुवात केली. अशा गाडीत किलोमीटरच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरच्या बाजूची कड आणि स्टेअरिंगची वरची चकाकी जास्त खरं बोलतात. त्याहून खरं बोलतं इंजिन, फक्त ते गार असताना भेटायला हवं. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की सेल्फ तुम्ही आल्यावरच मारायचा. बॉनेटवर हात ठेवला आणि ते कोमट लागलं, तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या.

गार इंजिन चालू झाल्यावर पहिल्या मिनिटात टक-टक असा कडक आवाज येऊन मग विरत गेला, तर संशय चार तांब्याच्या वायसरांवर घ्यायचा. प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, गॅरेजच्या भाषेत नोझल, हेडमध्ये जिथे टेकतो तिथे एक वायसर असतो. ज्वलनाचा दाब त्याने अडवायचा असतो. तो बसला नाही तर जळका वायू आणि काजळी इंजेक्टरच्या कडेने वर येऊन टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, शिरते, तिथून ऑइलमध्ये. ऑइल घट्ट होतं, काजळीचे कण खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर थर बसतो. जाळी बुजली की सकाळी ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा दोन-चार सेकंद उशिरा विझतो. पुढची पायरी टर्बोची बेअरिंग आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडची खालची बेअरिंग. याच जातीच्या इंजिनाच्या टोयोटा हायलक्स आणि प्राडोमध्ये ऑस्ट्रेलियात या प्रकाराने बरीच इंजिनं गेली, म्हणून तिकडे जुनी गाडी घेताना चेंबर खोलून जाळी बघण्याची पद्धतच पडली. आपल्याकडे ती अजून नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन गरम करून आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. डिझेल इंजिन थोडा श्वास सोडतंच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण तालात फुस-फुस-फुस असे धक्के येत असतील, हाताला गरम वाफ लागत असेल आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ओलं ऑइल दिसण्याऐवजी खरवडून निघणारा काळा डांबरासारखा थर असेल, तर वायसर गळतोय. डिपस्टिकवर डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच दिसणार, त्यावरून काही ठरवू नका. थेंब दोन बोटांत चोळून पाहा. खरखर लागायला नको.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे, पण स्वच्छतेचा कस पाहणारी. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावरच बसलेला असल्याने आधी तो काढायचा. मग उच्चदाबाचे पाइप, रिटर्न लाइन आणि क्लॅम्प. प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवायचा, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या सिलिंडरला त्याच कोडने डिझेल मोजून देतो. जागा बदलली तर कोडही स्कॅनरने बदलावा लागतो. हे न करता "बसवून दिलं" म्हणणारा मेस्त्री दोन महिन्यांत धुराची तक्रार ऐकतो. जुना वायसर कधीकधी खोलीच्या तळाशी चिकटून राहतो. त्यावर नवा बसवला की दोन वायसर होतात, इंजेक्टर वर उचलला जातो आणि गळती आणखी वाढते. म्हणून चार काढले का, हे मोजून घ्या आणि काढलेले परत मागून घ्या. बैठक साफ करताना सिलिंडरकडे जाणारं भोक कापडाच्या बोळ्याने बंद हवं. नवे चार वायसर, ओ-रिंग, टॅपेट कव्हरमधली इंजेक्टरची सीलं आणि रिटर्न लाइनचे वायसर, सगळं मिळून सामान स्वस्त आहे. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, अंदाजाने नाही.

वायसर गळलेला सापडला तर काम तिथे संपत नाही. खाली चेंबरचा छोटा पत्र्याचा भाग वेगळा सुटतो. तो काढला की जाळी समोरच दिसते, इंजिन उतरवावं लागत नाही. जाळी धुवा, चेंबर पुसा, जुनं सीलंट खरवडून नवं पातळ लावा. जाड लावलेलं सीलंट आत सुटतं आणि त्याच जाळीवर जाऊन बसतं, म्हणजे केलेल्या कामावर पाणी. मग नवा फिल्टर आणि नवं ऑइल. फिल्टरसकट साधारण सात लिटर लागतं, त्यामुळे पाच लिटरचा एकच डबा घेऊन येणाऱ्याला परत पाठवा. हे ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा बदलायचं, कारण सुटलेली काजळी तेवढ्यात खाली येते. पुढे दहा हजार नको, साडेसात हजारांचा हिशोब ठेवा.

इंजेक्टर स्वतः किती थकलेत, हे बघायला स्कॅनर लागतो. इंजिन गरम, आयडलवर, एसी बंद. चारही सिलिंडरांच्या इंजेक्शन फीडबॅकचे, म्हणजे ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे वाचायचे. उणे तीन ते अधिक तीनच्या आत असतील तर निवांत राहा. एखादा पाचच्या जवळ गेला असेल तर तो सिलिंडर एकतर डिझेल जास्त घेतोय किंवा इतरांइतकं काम करत नाही. पण आकडा बिघडला म्हणजे इंजेक्टरच गेला असं नाही. ग्लो प्लग काढून त्याच भोकातून कॉम्प्रेशन मोजा. तिथे फरक निघाला तर दुखणं रिंगांचं किंवा वाल्वचं आहे, आणि नवे इंजेक्टर टाकून काही होणार नाही. चारही इंजेक्टरांच्या पैशात एक चांगली जुनी मोटारसायकल येते, तेव्हा ही अर्ध्या तासाची चाचणी टाळणाऱ्या गॅरेजपासून लांब राहा. स्कॅनरवरच रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाबही दिसतो. आयडलला साधारण ३० ते ४० मेगापास्कलच्या आत स्थिर असायला हवा.

तो स्थिर नसेल, आरपीएमची सुई आठशे-नऊशेच्या मध्ये वरखाली होत असेल, सिग्नलला क्लच दाबल्यावर गाडी बंद पडत असेल आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होत असेल, तर बहुतेक वेळा दोषी डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह. लोक त्याला एससीव्हीच म्हणतात. पंपात किती डिझेल शिरायचं ते हा ठरवतो. आतली बारीक सुई पाण्याने किंवा घाणीने अडकली की दाब कधी जास्त, कधी कमी. स्कॅनरवर पी १२२९ हा डिझेल पंपाच्या दोषाचा कोड आला की पंपच बदलायला सांगणारे भेटतात. आधी डिझेल फिल्टर बदला, खालचा बोल्ट सैल करून पाणी काढा, हातपंप दाबून हवा काढा, मग पाहा. तरी तेच असेल तर एससीव्ही. दोन बोल्टांचं काम आहे, पण आजूबाजूचा सगळा भाग आधी धुऊन कोरडा करायचा, नाहीतर धुळीचा कण पंपात जातो आणि खरंच पंप घ्यावा लागतो. नव्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंगला स्वच्छ डिझेल लावून बसवा आणि स्कॅनरने पंपाचं लर्निंग करून घ्या. गावाकडच्या पंपावर ड्रम-कॅनमधून भरलेल्या डिझेलवर चाललेल्या गाडीत ही तक्रार लवकर येते. फिल्टर वीस हजार किलोमीटरवर बदला, दिवा लागायची वाट पाहू नका.

टायमिंग बेल्टबद्दल एक गैरसमज बाजारात पक्का रुजलाय. डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा लागलेला नाही, म्हणजे बेल्ट ठीक. तो दिवा बेल्टकडे बघतच नाही, किलोमीटर मोजतो. आणि तो बेल्ट न बदलताही रीसेट होतो. बिल दाखवा, नाहीतर बेल्ट बदललेला नाही असं धरून चाला. मॅन्युअलमधला आकडा पाळायचा, आणि कोणत्याही परिस्थितीत दीड लाखाच्या पुढे ढकलायचा नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन वाल्वना भेटतात आणि हेड उतरतं. खरं तर टोयोटाने हे काम सोपं ठेवलंय. बेल्ट छोटा आहे, डिझेल पंपाच्या गिअरवरच्या पुलीपासून कॅमपर्यंतच जातो, क्रँक पुली काढावी लागत नाही. वॉटर पंप त्यावर चालत नाही, त्यामुळे "पंपही आत्ताच बदलू" म्हणणाऱ्याला कारण विचारा. बेल्टबरोबर आयडलर पुली आणि हायड्रॉलिक टेन्शनर मात्र बदलाच. टेन्शनरभोवती ऑइलचा ओलावा दिसला तर तो गेलेलाच आहे. पुल्यांवरच्या खुणा जुळवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि खुणा परत जुळतात का पाहायचं. सेल्फ त्यानंतर.

पिकअप गेल्याची तक्रार आली की सगळे टर्बोवर जातात. आधी इंटरकूलरचे रबरी होज हाताने दाबून, वाकवून पाहा. घडीत चीर असते, भरलेल्या गाडीवर खंबाटकी चढताना शिट्टी ऐकू येते आणि होजभोवती ऑइलची ओल दिसते. मग एअर फिल्टर. तेल लावायचे बाजारातले फिल्टर बसवलेले असतील तर एअर फ्लो सेन्सरवर तेलाचा पापुद्रा जमतो. सेन्सरच्याच स्प्रेने धुवा, बोट किंवा कापूस लावू नका. मग ईजीआर, म्हणजे जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, आणि इनटेकचा थ्रॉटल. शहरात चाललेल्या गाडीत तिथे बोटाएवढा काजळीचा लेप सापडतो. टेबलावर काढून धुवायचं, नवे गॅस्केट लावायचे. चालू इंजिनात स्प्रे मारून "कार्बन क्लीनिंग" करून देणारे जे काय करतात, त्याने सुटलेली काजळी टर्बोच्या पात्यांवर जाऊन बसते. एवढं सगळं झाल्यावरही दम नसेल तरच टर्बोची हलणारी पाती आणि त्यांची मोटर.

कूलिंगमध्ये या गाडीची एकच खरी खोड, पंख्याचा व्हिस्कस क्लच. हायवेवर सुई मध्यावर, कात्रज बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये वर, आणि एसीही गार होत नाही, असं असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. जड लागायला हवा, लगेच थांबायला हवा. दोन-तीन फेरे सहज मारत असेल तर आतलं सिलिकॉन ऑइल संपलंय. रेडिएटर बदलायच्या आधी हे. त्याच दिवशी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये अडकलेला कचरा आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने काढा. कूलंट गुलाबी, मिसळून तयार मिळणाराच. नळाचं पाणी टाकलेल्या गाडीत टाकीच्या तोंडाशी गंजाचा तपकिरी रंग दिसतो.

थांबलेली गाडी हलताना, किंवा ब्रेक लावून थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने पोटाखालून "टक" असा धक्का येतो. गिअरबॉक्सचा खर्च सांगायला हे फारच सोयीचं लक्षण आहे. बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टचा सरकणारा जोड कोरडा पडलेला असतो. खाली झोपलं की ग्रीस भरायचे निपल दिसतात, क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या जोडावर) आणि सरकणाऱ्या जोडावर. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या शाफ्टलाही असतात, आणि तेच विसरले जातात. लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा). क्रॉसमध्ये जुनं काळं ग्रीस चारही टोकांनी बाहेर पडून नवं दिसेपर्यंत, सरकणाऱ्या जोडात मात्र थोडेच दाब. तिथे ठासून भरलं तर शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही आणि बेअरिंगवर जोर येतो. धक्का गेला नाही तर हाताने शाफ्ट पिळून क्रॉसमध्ये खेळ आहे का पाहा. गाडी धुण्याच्या रॅम्पवर दर वेळी जोराचं पाणी निपलांवर बसतं, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ग्रीस ठरलेलं.

ब्रेकबद्दल मात्र टोयोटाची बाजू घेता येत नाही. एवढ्या वजनाला पुढे डिस्क आणि मागे ड्रम, आणि पेडलला चावा उशिरा. मागचे लायनर सेट केलेले नसतील तर आणखी उशिरा, त्यामुळे दर सर्व्हिसला ड्रम उघडायला लावा. फ्लुइड दर दोन वर्षांनी. स्टेअरिंग ब्रेक मारताना थरथरतं तेव्हा "डिस्क वाकली" असं म्हणून ती खरडून देतात. डिस्क काढून ती जिथे टेकते तो हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासा, परत बसवून डायल गेज लावा आणि फिरताना डिस्क किती डगमगते ते मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर डिस्कचा दोष नाही. चाकाचे सहा नट एअर गनने कसेही ठोकले तरी हीच थरथर येते. ताऱ्याच्या क्रमाने आवळा, अलॉय व्हीलला सुमारे १०५ न्यूटन-मीटर.

सस्पेन्शनमध्ये पुढच्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्टेअरिंग रॅकचे बुश जातात. खड्ड्यात खडखड असेल तर आधी लिंक रॉड, ते सर्वात स्वस्त. सरळ रस्त्यावर गाडी भरकटत असेल तर टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, आर्म उचकटून बुश पाहा, आणि अलाइनमेंट त्यानंतर करा. आधी केलेली वाया जाते. मागे बसणाऱ्यांची उसळण्याची तक्रार नव्या गाडीतही होती, थकलेल्या शॉकअॅबने ती समुद्रातल्या होडीसारखी होते. तिसऱ्या रांगेत लहान मुलं बसणार असतील तर मागची जोडी बदलण्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

कोकणातली, किंवा पावसाळ्यात ओढे ओलांडलेली गाडी असेल तर डिफरन्शियलचं ऑइल थेंबभर काढून पाहा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मग खालचा उघडा. खालून सगळं ऑइल गेल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी टोचन करून न्यावी लागते. चासीच्या कडेने जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली गंजतात, टॉर्च लावून तिथेच बघा. ट्रान्सफर केसचा लिव्हर मोकळ्या मातीत लो-रेंजला टाकून पाहा, डांबरावर नको. वर्षानुवर्षं न हलवलेला लिव्हर अडून बसतो.

बॅटरी, एसीचा ड्रेन, ग्लो प्लग यांवर वेळ घालवायची गरज नाही, ते कोणत्याही गाडीत जातात. उंदरांचं मात्र पाहा. इंजेक्टरच्या वायरिंगवर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर तिथे कुरतडलेलं आहे, आणि पावसाळ्यात मिसिंग तिथूनच सुरू होणार.

२००९-१० च्या गाड्यांना आता पंधरा वर्षं भरली, म्हणजे आरटीओत फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हे किमतीत धरायचं. आणि सौदा ठरण्याआधी जॅकचा दांडा घेऊन मागे या, स्टेपनी खाली उतरवून दाखवा म्हणा. साखळीची विंच गंजून बसली असेल तर चाक खाली येतच नाही, आणि ताम्हिणीत रात्री पंक्चर झाल्यावर ते कळण्यापेक्षा विकणाऱ्याच्या दारात कळलेलं बरं. उतरली तर टायर २६५/६५ आर १७ आहे का, आणि तो कोणत्या सालचा आहे, तेही त्याच वेळी वाचून घ्या.